भिंतीवरची माणसे : गावचा फोटो स्टुडिओ आणि फोटो पाहण्याच्या रीती
(बी. ए. द्वितीय वर्ष)

छायाचित्र यंत्राने काढलेले असते, म्हणून ते सर्वांना सारखेच दिसते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. चित्रकाराचा हात चुकेल, पण यंत्र कोणाची भीड धरीत नाही, असे आपण मानतो. कॅमेऱ्यापुरते ते खरेही असेल. परंतु फोटो शेवटी माणसे पाहतात, आणि पाहणे ही नुसती डोळ्यांची क्रिया नव्हे. पाहणाऱ्याचे घर, त्याचा समाज, त्याच्या मनातील माया आणि भीती या सर्वांचा त्यात वाटा असतो. गेलेल्या माणसाचा फोटो एका घरात हार घालून भिंतीवर लावतात, दुसऱ्या घरात तो पेटीच्या तळाशी ठेवतात, आणि जगाच्या एखाद्या कोपऱ्यात तो पाहूच नये असे मानतात. असे का होते, याचा विचार आमच्या मुदखेडच्या आधाराने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरील हे जंक्शन असून आदिलाबादकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. गावाच्या भोवती फुलांची शेती आहे. माझी आई सकाळी फुलतोडीला जाते आणि दुपारी एका हारवाल्याकडे हार ओवायला बसते. तेथे मी लहानपणापासून एक गोष्ट पाहत आले. देवासाठी हार नेणारा माणूस नुसता हार मागतो. फोटोसाठी हार नेणारा मात्र दोन्ही हात हवेत धरून फोटो केवढा आहे ते दाखवतो. त्या दोन हातांच्या मध्ये कोणाची आई असते, कोणाचा भाऊ असतो. या विषयाकडे माझे लक्ष प्रथम तेथे गेले. पुढे समाजशास्त्राच्या सरांनी काही पुस्तके वाचावयास दिली आणि स्टेशनच्या रस्त्यावरील एका जुन्या फोटोवाल्या काकांनी मला चार दुपारी आपल्या दुकानात बसू दिले. त्यावरून जे समजले ते येथे मांडते.

कॅमेरा आमच्या भागात कसा आला

फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. परंतु मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. म्हणून आमच्या भागाला या कलेचे मोठे केंद्र म्हणजे मुंबई नव्हे, तर हैदराबाद. तेथे लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपविला. फोटो काढून घ्यावा, पण परक्या पुरुषाने आपल्याला पाहू नये, अशी ती अडचण होती. म्हणजे कोणी कोणाला पाहावे हा प्रश्न कॅमेऱ्याबरोबरच आला.

त्या काळी फोटो हा नवाब, जहागीरदार, फार तर देशमुख-देशपांडे यांच्या वाड्यातला मामला होता. सामान्य माणूस त्यापासून दूर होता, आणि त्याला कारण केवळ पैसा नव्हे. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, अंगातील शक्ती यंत्रात ओढली जाते, अशी समजूत होती. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके हे छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत होते. त्यांनाही या समजुतीचा त्रास झाला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आमच्या गावातील म्हाताऱ्या बायका तान्ह्या लेकराचा फोटो काढू देत नाहीत, ते या समजुतीचेच उरलेले टोक होय.

गरिबाच्या घरी फोटो गेला तो बहुतांशी कागदपत्रांच्या वाटेने. परीक्षेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, बँकेचे पुस्तक यांसाठी पासपोर्ट साईजचा फोटो लागू लागला. १९९३ साली निवडणूक आयोगाने मतदारांसाठी फोटो असलेले ओळखपत्र आणले. ज्यांनी जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर तोंड केले नव्हते अशा असंख्य म्हाताऱ्या माणसांचा पहिला फोटो या ओळखपत्राने काढला. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यात टेंभली येथे आधार क्रमांक देण्यास प्रारंभ झाला, आणि तो फोटो तर केंद्रावरच निघू लागला. स्टुडिओची एक मोठी कमाई तेथे थांबली, असे काका सांगतात.

स्टुडिओची शिस्त

काकांचे दुकान दहा बाय बाराचे. मागच्या भिंतीवर रंगविलेला पडदा : तळे, पायऱ्या आणि नारळाची दोन झाडे. पुढे एक स्टूल आणि प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. बाजूला आरसा, कंगवा व पावडरचा डबा, आणि खिळ्याला एक काळा कोट व गाठ मारून ठेवलेला टाय. गाठ सोडायची नाही, नुसती गळ्यात घालायची.

फोटो कसा काढायचा याचे काकांचे नियम ठरलेले होते. तोंड समोर हवे. दोन्ही कान दिसले पाहिजेत. उभा फोटो असेल तर पाय कापले जाता कामा नयेत. चेहऱ्यावर सावली नको. हसायचे नाही. मी विचारले, "काका, सावलीनं तर फोटो छान दिसतो की." काका म्हणाले, "पोरी, तुमच्या मोबाईलमधी दिसत आसंल. आमच्या टायमाला अर्ध्या तोंडावर अंधार आला की गिऱ्हाईक म्हणायचं, मी काय चोर हाय का? फोटो टेबलावर टाकून निघून जायचं."

ही खेड्यातल्या माणसांची अडाणी आवड आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पुस्तके वाचल्यावर मला वेगळे दिसले. ख्रिस्तोफर पिनी या इंग्रज अभ्यासकाने मध्य प्रदेशातील नागदा या गावी राहून तेथील स्टुडिओंचा अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९९७ साली आला. तेथील लोकांनाही समोरून घेतलेला, पूर्ण अंगाचा, सावली नसलेला फोटोच हवा असे. आफ्रिकेतील नायजेरिया देशात योरुबा लोकांच्या फोटोंविषयी स्टीफन स्प्रेग याने १९७८ साली लिहिले. तेथेही मानाचा फोटो म्हणजे समोर तोंड करून, हात मांडीवर ठेवून, ठाम बसलेला माणूस. आणि फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९६५ साली आपल्याच देशातील शेतकऱ्यांविषयी लिहिले तेव्हा तेच सांगितले : खेड्यातील माणूस फोटोसाठी समोर ताठ उभा राहतो, कारण पाहणाऱ्याला आदर देण्याची आणि स्वतः आदर मागण्याची ती रीत आहे.

तेव्हा हा फरक पूर्व आणि पश्चिम असा नाही. फ्रान्सचा शेतकरी आणि मुदखेडचा शेतकरी येथे एका बाजूला आहेत. खरा फरक फोटोकडून काय अपेक्षा करावी यात आहे. युरोप-अमेरिकेत हातातला स्वस्त कॅमेरा आला. कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा १९०० साली एका डॉलरला मिळू लागला. मग फोटो हा सहलीचा, खेळाचा, हसण्याचा झाला. तो एका क्षणाची आठवण झाला. ज्याच्या आयुष्यात एकदाच किंवा दोनदाच फोटो निघणार, त्याला मात्र क्षण नको असतो. त्याला आपण सबंध हवे असतो. आपण कसे दिसत होतो यापेक्षा लोकांनी आपल्याला कसे पाहावे, हे त्या फोटोत असते.

खिळ्यावरच्या कोटाचा अर्थही असाच लागतो. मालीच्या बामाको शहरात सेदू केइता या छायाचित्रकाराने १९४८ साली स्टुडिओ काढला. त्याने गिऱ्हाइकांसाठी कोट, टाय, घड्याळे व रेडिओ ठेवले होते. गावात फिरताना जे अंगावर नसे, ते फोटोत असे. आमच्या बौद्ध वस्तीतही कोट घालून काढलेले फोटो घरोघर आहेत. सालगड्याने पन्नास रुपयांच्या फोटोसाठी परक्याचा कोट का घालावा, हे कोणाला हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या घरात बाबासाहेबांचा कोटातील फोटो आहे, त्या घरात कोट हा केवळ कपडा नाही. ज्या माणसांना पूर्वी धड कपडा घालण्याचीही मुभा नव्हती, त्यांनी त्या दहा बाय बाराच्या खोलीत तो घातला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिले. त्यास सोंग म्हणणे मला पटत नाही.

कोणाचा फोटो कोठे

फोटो तयार झाला की तो कोठे ठेवायचा, येथे समाजासमाजातील फरक अधिक स्पष्ट होतो. इंग्रज कुटुंबांत दिवाणखान्यात जिवंत माणसांचे हसरे फोटो मांडलेले असतात. नातवंडे, लग्ने, सहली. आमच्याकडे बैठकीच्या भिंतीवरचा मोठा फोटो बहुधा गेलेल्या माणसाचा असतो. त्याला चंदनाचा टिळा आणि हार असतो. सवाष्ण गेलेली असेल तर कुंकू असते. दक्षिण ही पितरांची दिशा, म्हणून कित्येक घरांत तो दक्षिणेच्या भिंतीला लावतात. जिवंत माणसाच्या फोटोला चुकूनही हार घालीत नाहीत. तो अपशकुन समजतात. पितृपक्षात त्या फोटोपुढे पान वाढतात. आमच्याकडे बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाच्या दिवशी तथागत व बाबासाहेब यांच्या प्रतिमांशेजारी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवून मेणबत्ती लावतात आणि वंदना घेतात. विधी वेगळे आहेत, परंतु फोटोला घरातील माणसाची जागा देणे हे दोन्हीकडे आहे.

माझ्या एका मुस्लिम मैत्रिणीच्या घरी भिंतीवर कोणाचाच फोटो नाही. काबागृहाचे चित्र व सुंदर अक्षरांतील आयत आहे. जेथे नमाज पढतात तेथे सजीवांची चित्रे नकोत, असे त्यांच्या घरात मानतात. तिच्या आजोबांचा एक फोटो आहे. तो हजच्या पासपोर्टासाठी काढलेला. तो तिच्या आजीच्या ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. आजी तो वर्षातून एखादे वेळी काढते, पाहते आणि पुन्हा ठेवते. भिंतीवर नाही म्हणून माया कमी, असे म्हणता येणार नाही. आमच्याकडे सर्वांसमक्ष पाहतात, तेथे एकटीने पाहतात, एवढेच.

जपानमध्ये घरातील देव्हाऱ्याजवळ मृत व्यक्तीचा फोटो ठेवण्याची चाल आहे. ती आपल्या जवळची वाटते. याच्या उलट ऑस्ट्रेलियातील अनेक आदिवासी समाजांत माणूस गेल्यावर त्याचे नाव घेणे आणि त्याचे चित्र पाहणे शोकाच्या काळात टाळतात. म्हणून तेथील दूरचित्रवाणीवर पुष्कळदा कार्यक्रमाच्या आधी, यात मृत व्यक्तींची चित्रे आहेत, अशी सूचना देतात. आपण गेलेल्याला रोज पाहून जवळ ठेवतो; ते न पाहून त्याचा मान ठेवतात. यातील कोणती रीत बरोबर, हा प्रश्नच योग्य नाही. दोन्हीकडे फोटोला नुसता कागद समजत नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

जोडफोटो आणि त्याची मर्यादा

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येते. काकांचे निम्मे कौशल्य फोटो काढण्यात नव्हते. ते काढलेल्या फोटोवर काम करण्यात होते. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या व देवीचे व्रण भरून काढीत. त्याला रिटचिंग म्हणतात. जोडफोटो हा त्यापुढचा प्रकार. नवरा वारला, दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही. मग कोणाच्या लग्नातील घोळक्यातून नवऱ्याचा चेहरा कापून घ्यायचा, बाईला आज स्टुडिओत बसवून तिचा फोटो काढायचा, दोन्ही शेजारी चिकटवून सांधा रंगाने बुजवायचा आणि त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. आता हेच काम संगणकावर होते.

योरुबा लोकांतही असाच प्रकार आहे. त्यांच्यात जुळ्या मुलांना मोठे महत्त्व असते. जुळ्यांतील एक मूल फोटो निघण्यापूर्वीच दगावले, तर उरलेल्याचाच फोटो दोनदा छापून दोघे शेजारी बसलेले दाखवितात. स्प्रेगच्या लेखात त्याचे वर्णन आहे. ही फसवणूक आहे काय? कोणाला फसविण्याचा हेतूच नसतो. घरातील सर्वांना ठाऊक असते.

आमच्या घरच्या भिंतीवर तीन फोटो आहेत : तथागत, बाबासाहेब आणि आजी. आजी २०११ साली गेली. तिचा एकच फोटो होता, तो मतदार ओळखपत्रावरचा. नखाएवढा आणि डागाळलेला. काकांनी तो मोठा केला. कपाळावरच्या आठ्या कमी केल्या, अंगावर पांढरे स्वच्छ लुगडे काढले, मागे फिका निळा रंग भरला. पुण्याला राहणारा माझा आतेभाऊ म्हणाला, "ही आजीसारखी दिसतच नाही." वडील म्हणाले, "दिसली नाही तर नाही. ती आपल्याकडं बघायली, बस्स झालं." फोटो कसा पाहावा याविषयीचा मतभेद मी पुस्तकात वाचण्याआधी घरातच ऐकला होता. आतेभाऊ फोटोत आजीला शोधीत होता. वडिलांना आजीने पाहायला हवे होते.

आजोबांचा फोटो नाही. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडण्याच्या कामावर असताना वारले. वडील तेव्हा दोन वर्षांचे होते. म्हणजे माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांचा चेहरा माहीत नाही. आजीचा फोटो केला तेव्हा काकांनी आपणहून सांगितले, "तुझ्याच तोंडावरून करून देतो. मिशा लावू, फेटा बांधू. बाप लेकासारखाच आसतोय." काकांनी असे फोटो पुष्कळांना करून दिले आहेत आणि त्यांच्या घरी त्यांना हारही पडतात. वडिलांनी थोडा वेळ विचार केला आणि नको म्हणाले. "मग ते माझंच चित्र झालं. त्याच्या पाया मी कसा पडू?"

या एका वाक्याने मला जोडफोटोची मर्यादा समजली. आठ्या पुसल्या, लुगडे बदलले, तरी त्या फोटोखाली कोठेतरी आजी कॅमेऱ्यासमोर खरोखर उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून आलेला उजेड त्या कागदावर पडला होता. आजोबा कधी उभे राहिलेच नाहीत. तेथे जोडायला धागाच नाही. आज मोबाईलवर मेलेल्या माणसाच्या फोटोला हसविणारे, बोलविणारे प्रोग्राम आले आहेत. त्यांचा उपयोग करावा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु माझ्या वडिलांनी विचारला तो प्रश्न प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावा.

आणि आणखी एक गोष्ट. आजोबांचा फोटो नसणे हा योगायोग नाही. ज्या काळात वाड्यावरील माणसांचे अल्बम भरत होते, त्या काळात खडी फोडणाऱ्याला फोटोसाठी कोणी बोलाविले नाही. जुने फोटो पाहून आपण जुना मराठवाडा पाहिला असे समजतो. आपण फक्त ज्यांचे फोटो निघाले त्यांना पाहिलेले असते.

आपल्याला काय करता येईल

काकांच्या दुकानात माळ्यावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे आहेत. त्यात निगेटिव्ह आहेत; गावातील दोन पिढ्यांची तोंडे. काही दमट हवेने एकमेकांना चिकटली आहेत. मुलगा मोबाईल दुरुस्तीचे काम करतो. त्याला ती जागा हवी आहे. "भंगारवाला किलोवर बी घेईना," काका म्हणाले. केइताच्या निगेटिव्ह त्याने पेटीत जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच १९९४ साली पॅरिसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरू शकले. नागद्याच्या सुहाग स्टुडिओतील फोटोंचेही पुस्तक निघाले. मुदखेडच्या फोटोंचे प्रदर्शन पॅरिसमध्ये भरावे असे माझे म्हणणे नाही. मुदखेडात भरले तरी पुष्कळ झाले.

आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी माझ्याप्रमाणेच आपल्या घरातून प्रथमच येथे आलेले आहेत. आपल्या घराण्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. फोटो असलाच तर तेवढाच आहे. म्हणून माझी विनंती अशी : या सुटीत घरातील फोटो खाली काढा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नाव, गाव, साल व नाते लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याची शाई पुढे उमटते व अक्षरांचा वळ पडतो. चिकट कागदाच्या अल्बममध्ये न ठेवता साध्या कागदी पाकिटात ठेवा. नावे सांगणारी माणसे आहेत तोवर हे काम होईल. नंतर फोटो राहील, माणूस राहणार नाही. स्टुडिओतील निगेटिव्ह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून ठेवता येतील काय, याचा गुरुजनांनी विचार करावा. ज्यांचे फोटो आहेत त्यांच्या घरच्यांना विचारूनच ते लोकांना दाखवावेत, कारण पाहण्याची रीत प्रत्येक घराची वेगळी आहे, हे आपण वर पाहिलेच.

आणि घरातील म्हाताऱ्या माणसांजवळ बसून फोटो पाहताना दोन प्रश्न विचारावेत. यात कोण कोण आहे, हा पहिला. तो सगळेच विचारतात. यात कोण नाही आणि का नाही, हा दुसरा. माझ्या घरी या दुसऱ्या प्रश्नाला वडील दोन तास बोलले. आजोबा उंच होते, डाव्या हाताने भाकर खात आणि त्यांना पोवाडे पाठ होते, हे आजीने वडिलांना सांगितलेले मला त्या दिवशी कळले. मी ते वहीत लिहून ठेवले आहे.